अप्पांचं बटण

खोटं वाटलं तर खुशाल वाटू दे. हे आमच्याच घरात घडलंय. भर दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता.

माझ्या वडिलांची, अप्पांची, वाचा अर्धांगवायूने गेली. तेव्हा मी त्यांच्या उशाशी लॅपटॉप ठेवला आणि त्याला यूएसबीचं एक बटण जोडलं. अप्पांनी दाबलं की घंटा वाजायची. स्वयंपाकघरातून आई ओरडायची, "आले हो, आले! जरा दम धरा!"

बटण मेलं स्वस्तातलं. वीज वाचवायला लॅपटॉपने त्याला झोपवलं, की ते पुन्हा उठायचंच नाही. म्हणून मी सेटिंग करून ठेवलं... या बटणाला कधीच झोपवायचं नाही. ते जोडलेलं असेपर्यंत लॅपटॉपही जागा.

अप्पा गेले. बटण मी काढून नेलं, लॅपटॉप तिथेच राहिला.

थोड्याच दिवसांत आईचा फोन. "अगं, तुझी ती घंटा वाजतेय."

"आई, काहीतरीच काय!"

तरी गेले. आई मला जेवायला वाढत होती. आणि...

टिंग.

आई गुडघ्यावर हात देऊन उठली. "आले हो!" रिकाम्या पलंगावरची उशी नीट करून आली. बसते न बसते तोच...

टिंग.

लॅपटॉपला जागं कोण ठेवतंय, ते मी तपासलं. पडद्यावर उत्तर आलं... तेच बटण. जोडलेलं.

पण तिथे काहीच जोडलेलं नव्हतं. बटण माझ्या पर्समध्ये होतं.



"दिवसभर असंच चालतं," आई म्हणाली. तिचे गुडघे सुजून टम्म झाले होते. "न उठून कसं चालेल? त्यांना बोलता कुठे येतं गं?"

"मरशील अशाने! मी ते सेटिंगच काढून टाकते."

आईने गुडघे चोळले.

"काढ. पण आधी त्यांना सांग."

मी पलंगाकडे बघून म्हणाले, "अप्पा, आईला आता उठवत नका जाऊ. तिला झेपत नाही हो." मला रडू कोसळलं. रडत रडतच ते सेटिंग काढलं.

पडदा विझला. लॅपटॉप झोपला.

घंटा पुन्हा वाजली नाही.

आईचे गुडघे बरे झाले. पण ती स्वयंपाकघरात कान लावून बसून असते. परवा विचारलंन, "तू त्यांना रागावून तर नाही ना बोललीस?"

मला राहवेना. सेटिंग परत घातलं, बटण जोडलं. अप्पांच्या खोलीतून हळूच दाबलं.

टिंग.

स्वयंपाकघरात काहीच हालचाल नाही...

"ते तू वाजवलंस," आतून आई म्हणाली. "त्यांचं मला कळतं."