बाहेरून लावलेली कडी

ही गोष्ट खरी आहे. मी भट्टीवर काम करणारा माणूस आहे, मला रचून सांगता येत नाही. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.

या पेजवरच्या गोष्टी मी रोज वाचतो. सगळ्या रात्री बारानंतरच्या असतात. वड, स्मशान, रिकामा रस्ता.

माझ्यासोबत झालं ते सकाळी झालं. लख्ख उजेडात. बाहेर लोक डबे घेऊन कामाला निघालेले असताना.

दिवस सांगतो. मागच्या वर्षीची कोजागिरी झाली, त्याच्या दुसऱ्या सकाळी हे सुरू झालं. जागा म्हणजे जालना एमआयडीसीच्या मागची आमची वस्ती. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, एकच दार, एक गजांची खिडकी.

माझं नाव कल्याण. पंधरा वर्षं मी सळयांच्या मिलमध्ये रात्रपाळी केली. रात्री आठ ते सकाळी आठ. लोकांना रात्रपाळी जड जाते, मला कधी गेली नाही. लहानपणापासून मला हुशारी येते ती रात्रीच. सकाळी माझं डोकं म्हणजे दगड.

माझी बायको बेबीनंदा एकदम उलटी. पहाटे चारला उठायची. गजर नाही, हाक नाही. अंगण झाडायची, सडा टाकायची, पाणी भरायची. रात्री मात्र जेवता जेवता पेंगायची.

"माझ्या बापानं मला वटवाघूळ पाहून दिलं," म्हणायची. "दिवसभर लटकून राह्यतंय."

"अन् मला बायको म्हणून कोंबडा भेटला," मी म्हणायचो.

"त्या कोंबड्यामुळंच तुम्हाला येता बराबर गरम चहा भेटतो. प्या गुमान."

आमची भेट रोज अर्ध्या तासाची. मी साडेआठला घरी यायचो. नऊला ती बियाण्याच्या कंपनीत निवडायच्या कामाला निघायची. निघताना बाहेरून कडी लावायची.

आमच्या वस्तीत रात्रपाळीवाले पुष्कळ. त्यामुळे तिथे एक रीत पडलेली आहे. दाराला बाहेरून कडी आहे पण कुलूप नाही, म्हणजे आत माणूस झोपलेलं आहे. त्या दारावर कोणी थाप मारत नाही. विकणारेसुद्धा पुढे निघून जातात.

बेबी त्याच्याही पुढची. माझा फोन सायलेंट करून पिठाच्या डब्यात ठेवायची. "उशाला असला की तुम्ही उचलता," म्हणायची. दुपारी आमची मुलगी अर्पिता शाळेतून आली की कडी काढायची.

गेल्या वर्षी वैशाखात बेबी गेली. अर्पिता तेव्हा सुट्टीला तीर्थपुरीला मामाकडे होती.

नऊ वाजता कडी लावून बेबी निघाली आणि अंगणातच तिच्या छातीत दुखायला लागलं. बाराला शेजारच्या मालनबाई कामावरून आल्या. बेबी आमच्या दाराला टेकून बसलेली होती. वर कडी तशीच. मी आत झोपलेलो.

डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला पाहिजे होतं.

एवढंच मी सगळ्यांना सांगितलं. एक गोष्ट सांगितली नाही. ती पुढे येईल.

अर्पिता मामाकडेच राहिली. तेरा वर्षांची आहे. मी आणायला गेलो तर मेव्हण्याने, तातेरावने, मला ओट्यावर बसवून घेतलं.

"दाजी, तुम्ही रातभर मिलमधी अन् दिवसभर झोपेत. पोर कोणाच्या भरवशावर ठेवता? दिवसपाळी घ्या. दिवाळीपर्यंत टिकवून दाखवा, मंग मीच आणून सोडतो."

त्याचं चुकत नव्हतं. मी मिलमधल्या हरिओम साहेबांच्या मागे लागलो. पाळ्या तेच लावतात.

"दिवसपाळीला लाइन लागेल हाय, कल्याण," ते म्हणाले. "तीनदा लेट झाला की परत रातीला. मंग मला बोलायचं न्हाई."

मी हो म्हणालो. मला माझी पोर घरी पाहिजे होती. दुसरं काही नको होतं.

कोजागिरीच्या रात्री सगळी वस्ती बाहेर दूध आटवत जागी होती. सकाळी माझी पहिली दिवसपाळी होती, म्हणून मी दहालाच आडवा झालो. पंधरा वर्षांत पहिल्यांदा लोक जागे आणि मी झोपलेला.

पहाटे अर्धवट जाग आली. अंधार होता. बाहेरून आवाज येत होता...

खर्र... खर्र... खर्र...

झाडू.

बेबी उठली वाटतं, असं मनात आलं आणि मी कूस बदलली.

मग डोळे खाडकन उघडले.

आवाज बंद झाला होता.

साडेसातला मी आवरून दार ढकललं. उघडेना. बाहेरून कडी होती.

मालनबाईंना फोन करावा म्हणून उशाखाली हात घातला. फोन नव्हता. खाटेखाली नाही, शर्टात नाही. सगळं घर पाहिलं. एकच जागा राहिली होती. तिकडे पाय जाईना.

पिठाच्या डब्याचं झाकण काढलं...

फोन आत होता. सायलेंट.

मालनबाईंनी येऊन कडी काढली. "कोणी लावली हो भाऊ?"

"मला काय माहीत. मी तर आत व्हतो."

"कोजागिरीची पोरं असतील. रातभर हुंदडत व्हती." मग त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. "अंगण मात्र लय चांगलं झाडलं तुम्ही. सडा बी टाकला. शिकले म्हणा."

मी वाकून हात लावला. सडा ओला होता.

पोरं कडी लावतील. माझा फोन पिठात कोण ठेवेल?

त्या दिवशी अर्धा तास उशीर झाला. दोन दिवसांनी परत तसंच. झाडू, कडी, डबा. दोन लेट झाले.

त्या संध्याकाळी मिलमधल्या एकाला ग्राइंडर घेऊन घरी आणलं आणि कडी कापूनच टाकली. दाराला बाहेरून फक्त दोन भोकं राहिली. मी निवांत झोपलो.

पहाटे झाडू वाजला. मग थांबला. मग दारापाशी आवाज आला...

खट्ट.

कडी लागल्याचा. जी कडी मी कापून नालीत फेकली होती.

दार ढकललं. हललं नाही. खांदा लावला, लाथ मारली. पत्र्याचं दार, एरवी वाऱ्यानं वाजतं. त्या दिवशी भिंतीसारखं झालं होतं.

खिडकीतून पाहिलं. मालनबाई समोरच पायरीवर तांदूळ निवडत होत्या. दहा पावलांवर. मी हाक मारली. त्यांनी मान वर केली नाही. मी ओरडलो. गज धरून घसा बसेपर्यंत ओरडलो. त्यांनी एक खडा काढून टाकला, सूप उचललं आणि आत गेल्या.

बरंच ऊन वर आल्यावर मी दाराला नुसता हात लावला आणि ते उघडलं.

"मालनबाई, इतक्या हाका मारल्या, ऐकू आल्या न्हाईत?"

"कधी? मी तर इथंच बसेल व्हते. तुमच्या घरातून हू की चू न्हाई. मला वाटलं, परत रातीची पाळी लागली, झोपले असतील."

तिसरा लेट. हरिओम साहेबांनी हजेरीवर तिसरी फुली मारली. "पोरीसाठी म्हणून एक शेवटचा चान्स देऊन राह्यलो," म्हणाले.

त्या दिवसापासून मी खाट अंगणात टाकली. दारच नको. आठ दिवस काही झालं नाही. झाडू नाही, कडी नाही. मी वेळेवर मिलमध्ये. मला वाटलं, संपलं.

दिवाळीच्या आधी तातेराव अर्पिताला घेऊन आला. तिची बॅग, गादी, शाळेचं दप्तर. "घ्या दाजी, तुमची अमानत," म्हणाला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला.

थंडी पडली होती. पोरीला अंगणात कसं झोपवणार? खाट परत आत घेतली, आम्ही आत झोपलो. दुसऱ्या दिवशी मिलला सुट्टी होती. तरी मी दारात वीट लावून फट ठेवली.

"पप्पा, आता मी इथंच ना?" तिनं अंधारात विचारलं.

"इथंच."

"मंग शाळेतल्या कनिकाला सांगू? ती म्हणती तू आली की बाजूची जागा तुलाच."

"सांग."

ती हसत हसत झोपली.

जाग आली तेव्हा भरपूर उजेड होता. झाडूचा आवाज मी ऐकलाच नव्हता.

वीट आतमध्ये भिंतीशी नीट ठेवलेली होती.

दार बंद.

अर्पिताची गादी घडी करून ठेवलेली... आणि अर्पिता नव्हती.

मी खिडकीकडे धावलो. ती झाडलेल्या अंगणाच्या मधोमध बसली होती. केसांना तेल, दोन घट्ट वेण्या. माझ्या पोरीला स्वतःच्या वेण्या घालता येत नाहीत.

ती आमच्या दाराकडे पाहत होती. दाराच्या खालच्या भागाकडे.

"अर्पे, दार उघड."

तिनं ओठावर बोट ठेवलं.

"पप्पा, झोपा ना. मम्मी म्हणली आवाज करू नको."

"कोण मम्मी? दार उघड बाळा."

"तुम्ही रातभर काम करून आल्ते ना," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात. रोजचं काही सांगावं तसं.

मी सरळ पिठाच्या डब्यात हात घातला. फोनवर नऊ वाजून आठ मिनिटं झाली होती. मालनबाई यावेळी कामावर असतात. शेजारी कोणी नव्हतं.

आता ती गोष्ट सांगतो.

त्या वैशाखातल्या सकाळी मी ऐकलं होतं. दारावर तीन थापा आल्या. वरून नाही, खालून, बसलेल्या माणसाचा हात जिथे लागेल तिथून. मला वाटलं ही काहीतरी विसरली. डोळे न उघडता मी म्हणालो, "झोपू दे ग, बेबी."

थापा बंद झाल्या.

मी झोपलो.

उठून कडी काढायची ताकद तिच्यात होती की नव्हती, मला माहीत नाही. की मी म्हणालो म्हणून ती गप्प बसली, तेही माहीत नाही. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

मी खिडकीशी उभा होतो. अर्पिता समोर होती, दारापासून पाच पावलं लांब. तिचे हात मांडीवर होते.

आणि दारावर...

ठक.

ठक.

ठक.

खालून.

मी दाराकडे झेप घेतली. गुडघ्यावर बसलो. उठलोय बेबी, उठलोय, असं म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात माझ्या मागून, खाटेवरून आवाज आला...

"झोपू दे ग, बेबी."

माझा आवाज. झोपेतला, जड, वैतागलेला.

मी वळून पाहिलं. खाट रिकामी होती.

थापा बंद झाल्या.

मग मी दार किती वेळ बडवलं, सांगता येणार नाही. हात सुजले. शेवटी ते आपोआप सैल पडलं. पायरीवर कोणी नव्हतं. अर्पिता अंगणात रडत बसलेली होती.

त्याच दुपारी मी तिला घेऊन तीर्थपुरीच्या बसमध्ये बसलो. अंबड जाईपर्यंत ती वेणीचं टोक ओढत राहिली. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाली,

"पप्पा, तुम्ही उठेल व्हते ना? तुमच्या पायाचा आवाज दारापाशी आल्ता."

"हो."

"मंग झोपू दे काहून म्हणले? मम्मी किती वेळ बसली व्हती तिथं."

मी खिशातली तिकिटं काढून उगाच मोजली. तीर्थपुरी येईपर्यंत तिनं माझा हात धरला नव्हता, हे मला उतरताना कळलं.

आता मी परत रात्रपाळीला आहे. तातेराव फोनवर विचारतो, "दाजी, पोरीला कधी नेता?" मी काही कारण सांगतो. मागच्या आठवड्यात तो म्हणाला, "असू द्या. ती बी न्हाईच म्हणते." मी म्हणालो, तिला फोन दे. ती आली नाही.

लोक म्हणतील, घर सोड. दुसरीकडे खोली पाहिली होती, आगाऊ भाडंही दिलं होतं. गेलो नाही. मी तिथे नसलो, तर बेबी थाप मारून कोणाला उठवणार?

रोज साडेआठला येतो. झोपत नाही. नऊ वाजले की दाराला लागून खाली बसतो आणि दोन्ही हात तोंडावर दाबून धरतो. थापा येतात. मी दार ढकलतो. ते उघडत नाही.

आणि माझं तोंड बंद असतानाही, मागच्या खाटेवरून...

रोज.