मी-मापक

मन बिघडलं की कुणाकडे जायचं, यावर डोकं खाजवण्याचे दिवस केव्हाच संपले होते. प्रत्येक शहरात निवडकेंद्र होतं. तिथल्या यंत्राशी वीस मिनिटं बोललं की तीन दारांपैकी एक उघडे. पहिल्या दाराआड समुपदेशक, बोलून वाट दाखवणारा. दुसऱ्याआड मानसशास्त्रज्ञ, चाचण्या घेऊन विचारांच्या गाठी सोडवणारा. तिसऱ्याआड मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर. औषध फक्त त्यालाच देता येई. एकदा ठरलेलं दार सहा महिने कुणा माणसाला बदलता येत नसे.

कोल्हापूरच्या एका घरंदाज घरातल्या उज्ज्वला सरनोबत यांच्यासाठी पहिलं दार उघडलं, तेही सहकुटुंब.

“हे दार आमचं नव्हे, मॅडम,” त्या यंत्र घडवणाऱ्या नीरजा टेंबे यांना म्हणाल्या. “तीन महिने आम्हाला झोप नाही, घास उतरत नाही. खरं सांगायचं तर आम्हाला जगायचंच नाही.”

नीरजाबाईंनी अहवाल उघडला. “यंत्र अर्थ बघत नाही. अर्थ लपवता येतो. ते ‘मी’ मोजतं. मन खचलं की माणूस स्वतःभोवतीच फिरू लागतो; मी, मला, माझं, हे शब्द नकळत वाढतात. म्हणून त्याला मी-मापक म्हणतात. तुमच्या वीस मिनिटांत एकही ‘मी’ नाही. सगळं ‘आम्ही’. त्याला वाटलं, घरातली कुरबुर आहे.”

“आमच्यात बायका आम्हीच म्हणतात. मी म्हटलं की उर्मट दिसतं.”

नीरजाबाई पुण्याच्या. बाईंनी सगळ्या महाराष्ट्राचं मन मोजायला घेतलं, पण कोल्हापुरात जाऊन दोन बायकांशी बोलावंसं काही त्यांना वाटलं नव्हतं. त्या ओशाळल्या.

“चूक माझीच. पण वशिले चालू नयेत म्हणून कायद्यानं माणसाची ढवळाढवळ बंद केलीय. समुपदेशकाच्या खोलीतही मी-मापक असतो, दार बदलता येतं ते फक्त त्यालाच. तिथं ‘मला’ म्हणून सांगा, पाच-सहा वेळा. तिसरं दार उघडेल.”

उज्ज्वलाताईंनी आठवडाभर न्हाणीघरात नळ सोडून सराव केला. ‘मला’ म्हणताना चोरी केल्यासारखं वाटे.

मंगळवारी सासूबाईही आल्या. सहकुटुंब दार, त्यांना वगळता येईना.

“बोला, काय त्रास होतो?” तरुण समुपदेशकानं हसून विचारलं.

“मला...”

“मला काय, सूनबाई?” सासूबाईंनी नुसती मान वळवली. “चारचौघांत कसं बोलावं, विसरलात?”

उज्ज्वलाताईंनी वाक्य अर्धंच सोडलं. पुढची दहा मिनिटं सासूबाईच बोलल्या. “आम्हाला कसला त्रास? आम्ही अगदी मजेत आहोत.” सहकुटुंब दारात कुणीही बोललं तरी ते सगळ्यांचं धरलं जाई, आणि ‘मी’ वाढला नाही की त्रास मिटला असं समजलं जाई. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: कुटुंब बरं झालं. मग पडदा विझला.

सासूबाई पदर सावरत बाहेर पडल्या. उज्ज्वलाताई जागच्या हलल्या नाहीत.

“मला जगायचं नाही,” त्या न अडखळता म्हणाल्या. “मला. माझ्या एकटीला.”

समुपदेशकानं ते नीट ऐकलं. त्याचा चेहरा उतरला. त्यानं विझलेल्या पडद्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे पाहिलं.

“ताई, फाइल बंद झालीय,” तो हळूच म्हणाला. “नवी नोंद आता सहा महिन्यांनी. तोवर काळजी घ्या.”

आणि त्यानं पुढच्या कुटुंबाला आत बोलावलं.