कच्च्या टाक्यावर

"काय सांगू, त्या टेलरबाईने कोट दिला तोच कच्च्या टाक्यावर!"

बटणांच्या दुकानात तिच्या पुढे उभा असलेला माणूस हे रंगवून सांगत होता आणि दुकानदार पोट धरून हसत होता. तिने हातातली नमुन्याची बटणं घट्ट आवळली. आवाज ओळखीचा. मानही ओळखीची, कॉलरसाठी दोनदा मापलेली. शाळेतले गाण्याचे सर!

गेले दोन महिने गावभर हेच चाललं होतं. अभ्यास न करता परीक्षेला बसलेला मुलगा 'कच्च्या टाक्यावर'. पाहुणे दारात आले तरी केस विंचरायचे राहिलेली काकू 'कच्च्या टाक्यावर'. ज्याच्या त्याच्या तोंडी तिच्या दुकानाची अब्रू.

"मी दिला? की तुम्ही पळवलात?"

सर वळले... आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"पक्की शिलाई बाकी होती, कोट ट्रायलसाठी टांगला होता. मी अस्तर आणायला गेले होते, दुकानात बसलेल्या माझ्या वडिलांचा, आप्पांचा, जरा डोळा लागला होता. तुम्ही कोट काढून घेतलात आणि चालते झालात! कच्च्या टाक्यांचे पांढरे दोरे दिसले नाहीत? पाठीवरच्या खडूच्या रेघा?"

"मला वाटलं... फॅशन असेल."

दुकानदार पुन्हा फुटला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा बटणं मोजायला लागला.

दोन महिन्यांपूर्वी शाळेच्या संमेलनात तोच कोट घालून समूहगान सुरू करायला सरांनी झोकात हात उचलला आणि उजवी बाही सुटून थेट पहिल्या रांगेत, मुख्याध्यापिका मोठ्या बाईंच्या मांडीवर जाऊन पडली होती.

"लोक हसले, म्हणून मीही हसण्यावारी नेलं," सर पुटपुटले.

"मांजराचा खेळ होतो, उंदराचा जीव जातो! शाळेचे गणवेश आप्पांपासून आमच्याकडे आहेत. यंदा मोठ्या बाई म्हणतात, कच्च्या टाक्याचं काम नको. शुक्रवारी ठरवणार. ते काम गेलं, तर माझ्याकडे शिवणाऱ्या दोन्ही बायका घरी बसतील."

"मी सांगतो ना खरं काय ते."

"दोन महिने मिठाची गुळणी धरली होती का?"

"तुम्ही रागावलात की—"

"पुढे बोललात तर माझ्या पिशवीत कात्री आहे!"

ती तरातरा निघाली. घरी येऊन तिने मशीन असं दामटलं की दोनदा दोरा तुटला. राग कोटाचा नव्हताच नुसता. इतका जीव लावून तिने दुसरा कुठलाच कोट बेतला नव्हता. दोन ट्रायलला 'खांद्यात ओढतंय' म्हणत हा माणूस उगाच थांबला होता, आणि खांद्यात काही ओढत नाही हे तिला चांगलं कळत होतं. तरी तिनेही सावकाश टाचण्या लावल्या होत्या. अशा माणसाने तिचं नाव गावभर करावं!

शुक्रवारी ती शाळेत पोचली तेव्हा मुलं मैदानात रांगा लावून उभी होती. सर पुढे आले. आज गाणं नव्हतं.

"संमेलनातली बाही माझ्यामुळे पडली. कोट अर्धवट होता, मी न विचारता उचलला. टेलरबाईंची काही चूक नाही, आणि हे मी आधीच सांगायला हवं होतं."

मैदानभर हशा पिकला. सरांचे कान लाल झाले, पण ते मागे हटले नाहीत. तेव्हापासून गावात जो अर्धवट तयारीने घाई करतो, त्यालाच 'कच्च्या टाक्यावर निघालाय' म्हणतात. शिवणाऱ्याला कुणी बोल लावत नाही.

"गणवेश तूच शिव," मोठ्या बाई तिला म्हणाल्या. "पण प्रत्येक बाही मी ओढून बघणार हं."

जिन्यापाशी सर वाट बघत होते.

"झालं समाधान?"

"नाही! त्या दिवशी दहा मिनिटं थांबायला काय झालं होतं?"

"तुम्ही समोर आलात की मला बोलताच येत नाही. दोनदा ठरवून आलो, दोनदा खांद्याचंच बोलून गेलो. तिसऱ्यांदा तुम्ही नव्हतात... सुटलो म्हणून कोट घेऊन पळालो."

"काय बोलायचं होतं?"

"तुम्ही मला फार आवडता. बस्स, एवढंच."

तिच्या गालांवर ऊन चढलं. ते रागाचं नव्हतं, आणि याचाच तिला राग आला.

"मग... राग कधी जाईल?" त्यांनी हळूच विचारलं.

"इतक्यात नाही. संध्याकाळी आप्पांना भेटायला या, मग बघू," ती पायऱ्या उतरत म्हणाली. "आणि आला नाहीत ना, तर माझा खरा राग बघाल!"