गळ्यातल्या बटणाची हाक

आनंदीबाईंच्या दहाव्याला, पाहुण्यांची पंगत बसलेली असताना, भिंतीवरची घंटी वाजली.

ती घंटी फक्त आनंदीबाईच वाजवत. त्यांच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेलं एक बटण असे. ते दाबलं की त्यावर लाल दिवा लागायचा, बिनतारी संदेश घरात यायचा आणि बटण दाबलेलं असेपर्यंत घंटी वाजत राहायची. आनंदीबाई शेतातल्या विहिरीत बुडून गेल्या. बाहेर काढलं तेव्हा गळ्यात बटण नव्हतं. ते गाळात रुतलं असेल, असं सगळ्यांनी धरलं होतं.

घंटी थोडा वेळ वाजली आणि थांबली. पंगतीत कुणीही पुढचा घास उचलला नाही.

नंतर ती अधूनमधून वाजू लागली, बहुधा दिवस कलताना. भगत येऊन गेला, नारळ-लिंबू झाले. शेवटी सून विजयमालाने बटण बनवणाऱ्या कंपनीला फोन केला, आणि अपेक्षा तायडे ही इंजिनिअर कोथरूडहून वाघोलीला आली.

अपेक्षाला भुताची भीती नव्हती. पण बटणात पाणी शिरू नये म्हणून त्यावर रेझिनचा जाड लेप द्यायचं तिनेच ठरवलं होतं. त्या लेपाने हाक अडवली असेल, तर म्हातारी आपल्यामुळे गेली, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

विजयमालाने घडलं ते सांगितलं. त्या दुपारी घंटी वाजली होती, पण ती चप्पल घालेपर्यंत थांबली. सासूबाईंकडून बटण पुष्कळदा चुकून दाबलं जायचं, म्हणून ती गेली नाही. एवढं बोलून तिने पदर तोंडाला लावला.

तिचा नवरा रणजित रांजणगावच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात सुपरवायझर होता. सर्किटवर लेप चढवणारा विभाग त्याच्याकडे होता.

"मॅडम, दोष तुमच्या कोटिंगचा आहे," तो शांतपणे म्हणाला. "रेझिनने सिग्नल कोंडला. आता लेप तडकला असेल, म्हणून विहिरीतून कधीतरी सुटतो."

 दुसरं बटण घेऊन अपेक्षा विहिरीवर गेली. दाबलं, तर घंटी वाजल्याचं विजयमालाने फोनवर सांगितलं. मग बटण दाबलेलं ठेवून त्याला चिकटपट्टी लावली आणि बादलीतून पाण्यात खोल सोडलं. घंटी बंद. वर काढलं, घंटी सुरू.

म्हणजे रेझिनने काही अडत नव्हतं. पाण्याने अडत होतं. मग आता घंटी वाजवणारं बटण विहिरीत नव्हतंच.

घरी येऊन तिने विजयमालाला विचारलं, "घंटी वाजते तेव्हा घरात कोण असतं?"

"सासरे इथंच खाटेवर. मी स्वयंपाकघरात. हे नुकतेच ड्यूटीवरून येऊन वर गेलेले असतात."

"दहाव्याला कुठे होते?"

"टोपी आणायला वरच गेले होते."

"जेवणखाण नीट आहे त्यांचं?"

"कुठलं हो. सासूबाई गेल्यापासून डबासुद्धा नेत नाहीत. कॅन्टीनला खातात."

अपेक्षा उठली, अंगणात गेली आणि पोलीस चौकीला फोन लावला.

फौजदार नागोराव आले तेव्हा सगळे ओटीवर होते. अपेक्षाने विजयमालाकडून स्टीलचा एक डबा मागून घेतला. चिकटपट्टी लावलेलं बटण तिने आत ठेवलं. घंटी वाजत होती. झाकण घट्ट बसवताच ती थांबली. झाकण उघडताच पुन्हा वाजली.

"रेझिनमधून लहरी सहज जातात, धातूतून जात नाहीत," ती म्हणाली. "त्या दुपारी घंटी वाजली आणि लगेच थांबली. बटण पाण्यात पडलं असतं तरी तसंच झालं असतं. पण मग घंटी पुन्हा वाजली नसती. लपवून ठेवणारा ते मुद्दाम दाबणार नाही, म्हणजे ते दबून अडकलंय; कुणीतरी ते धातूच्या डब्यात बंद केलं आणि अधूनमधून उघडतंय. रेझिन सिग्नल अडवत नाही हे लेपाच्या विभागातल्या माणसाला माहीत असतंच. तरी रणजितरावांनी मला उलटं सांगितलं. आणि त्यांचा जेवणाचा डबा त्या दिवसापासून कुणी पाहिलेला नाही."

 नागोराव वर गेले आणि माळ्यावरचा डबा घेऊन आले. त्यांनी झाकण काढलं. आत तुटलेल्या दोऱ्याचं बटण होतं, दाबलेलं, अडकलेलं. लाल दिवा जळत होता. भिंतीवरची घंटी वाजू लागली.

"मी ढकललं नाही," रणजित म्हणाला. पहिली पाळी संपवून येताना तो शेतात थांबला होता. जमीन बिल्डरला द्यायचा विषय काढला, आवाज चढला. आईने घाबरून बटण दाबलं. त्याने हिसकावलं, दोरा तुटला, तिचा तोल गेला आणि ती विहिरीत पडली. बटण दबून अडकलं होतं. घरी घंटी वाजत असणार, माणसं येणार. त्याने आधी ते डब्यात टाकून झाकण लावलं.

"फेकलं का नाहीस?" नागोरावांनी विचारलं.

"विहिरीत टाकायला गेलो होतो. दिवा चालूच होता. वाटलं, पाण्यात टाकलं तर ती परत बुडेल. मग अधूनमधून उघडून बघायचो, अजून जळतोय का."

खाटेवरून रणजितचे म्हातारे वडील संभाजी उठून बसले. त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

"झाकण लावलंस, तवा ती पाण्यात हाक मारत व्हती का रं?"

"मारत होती."

"कुणाला?"

रणजितने डब्यातल्या दिव्याकडे पाहिलं.

"मलाच."