कपाळावरचा गेरू

बुकित तिमाहच्या काँडोतल्या आपल्या फ्लॅटमध्ये विक्रांतनी सोफ्याशेजारी तिवी लोकांचा खांब उभा केला होता. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला ही तिवी बेटं. तिथं माणूस गेलं की असे कोरलेले, गेरूनं रंगवलेले खांब कबरीभोवती रोवतात आणि ऊनपावसात खुशाल कुजू देतात. विकायलाही बनवतात, त्यात वावगं काही नाही. हा मात्र कुणाच्या तरी कबरीवरून उपटलेला होता, आणि विक्रांतना ऐट होती ती त्याचीच.

मधुमती विद्यापीठात लाकडावर संशोधन करायची. रंग झडतोय, पक्का करून द्या, म्हणून तिला बोलावलेलं. हा परत पाठवा, असं तिनं सुचवून पाहिलं. विक्रांत हसले.

"मॅडम, मेलेला काय पावती मागायला येणारे?"

बंद खोली, कोरडा एसी. तरी लाकूड ओलं लागत होतं, पाऊस नुकताच थांबावा तसं. बुंध्याशी वाळू होती. तिनं पुसली, तर हाताखाली पुन्हा वाळू. रंग बोट लावायच्या आधीच गळत होता. घाम पुसता पुसता तिच्या तोंडाला गेरू फासला गेला. शेवटी काम अर्धवट टाकून ती तशीच निघाली.

सर्कल लाइनच्या मेट्रोत लोक तिच्याकडे बघून नजर वळवत होते. काचेत चेहरा दिसला आणि तिला आठवलं, तिवी लोक मयताच्या वेळी तोंड रंगवतात. गेलेल्यानं ओळखून सोबत नेऊ नये म्हणून. तिनं रुमाल काढला.

तेवढ्यात शेजारी अमेय येऊन बसला.

तिचा नवरा. गेल्या वर्षी तिनंच त्याला अग्नी दिला होता.

"माफ करा," तो म्हणाला, "तुम्ही मधुमतीला ओळखता का? घरी नाहीये ती."

उभ्या संसारात त्यानं तिला अहो-जाहो केलं नव्हतं. वर्षभर ती याच आवाजासाठी झुरली होती. पण लेकीची, जाईची, शाळा सुटायची होती, आणि लेकीला आता आईशिवाय कुणी नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

"बरं." तो उठला. "मग जाईच्या शाळेत बघतो. ती ओळखेल."

मधुमतीनं रुमाल थुंकीनं भिजवला. कपाळ पुसलं. गाल खसाखसा पुसले.

तो थबकला.

"अगं, इथंच होतीस होय?"

"इथंच. शाळेत नको जाऊस."

"नाही जात." त्यानं तिचा हात हातात घेतला.

बिशान स्टेशन आलं. पिशव्या सावरत एक चिनी आँटी चढली आणि मधुमती बसली होती त्याच जागेवर निवांत टेकली.