शेवटची चौकट

ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी मी फोनवर घरी अम्माशी बोलत होते, आणि मागून कुणीतरी हसलं.

"मराठीच बोलताय ना? पण हे कुठलं मराठी?"

"तंजावूरचं. तुमी?"

"नाशिकचा. पुण्याच्या ऑफिसातून चेन्नईत येऊन चारच महिने झालेत... कान तरसले होते हो."

त्याचं नाव क्षितिज. नुंगंबाक्कमच्या त्या इमारतीत आमच्याच मजल्यावर तो वेबसाइटसाठी तयार भाग बनवायचा. मी भाषांतर विभागात. माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या वर्षश्राद्धाआधी मला त्यांची वही वेबसाइटवर आणायची होती. आमच्या घरातले जुने शब्द, उडदाच्या पिठाच्या डांगर पच्चडीची कृती, अप्पांची वाक्यं. माझं पान मात्र काही केल्या सरळ बसेना.

त्याने आपली एक चौकट उघडून दाखवली. वर वाक्य, खाली बोलणाऱ्याचं नाव.

"हा कोड उचला, तुमच्या फोल्डरमध्ये ठेवा. रंग बदला, कोपरे गोल करा, वाटलं तर मोडा. मला विचारायचं नाही."

"आणि तुमी मागून त्यांत सुधारणा केली तर?"

"ती तुमच्यापर्यंत पोचणार नाही. दिलं ते दिलं."

इतक्या सहज देणारा माणूस मला आवडायला लागला, हे मला तेव्हाच कळलं. पण आमच्या घरात मनातलं ओठांवर येईपर्यंत कॉफी निवते. महिनाभर जेवणाच्या सुट्टीत कॉफी घेत आम्ही चौकटी भरत बसलो. तो अप्पांचे शब्द मोठ्याने वाचायचा, चुकायचा, मी हसायचे. कधी कोपराला कोपर लागायचं... कुणीच हलायचं नाही.

श्राद्धाच्या दिवशी सगळ्या नातेवाइकांनी पान उघडलं. तंजावूरहून गुंडोकाकांचा फोन आला.

"रंजनी, अस्कं, सगळं पान, बरं आहे. पण शेवटच्या चौकटींत 'येथे वाक्य लिहा' असं काय गे?"

मी गारच पडले. नमुन्याची ओळ तशीच राहिली होती.

"विसरलात?" दुसऱ्या दिवशी क्षितिजने विचारलं.

"नाही... अप्पांचं शेवटचं वाक्य तिथं घालायचं होतं. आस्पत्रींत ते काहीतरी सांगत होते. मी म्हटलं, दमू नका, उद्या बोलू. उद्या आलाच नाही."

तो म्हणाला, "ती ओळ काढा. चौकट रिकामीच राहू द्या." आणि थोड्या वेळाने, खाली बघत, "मला पुण्याला परत बोलावलंय. शुक्रवारी."

"सरी," मी म्हटलं. बस, 'बरं' एवढंच. घरी येईपर्यंत स्वतःचाच राग येत राहिला.

गुरुवारी सकाळी मी तीच चौकट नव्या पानावर उतरवली, भरली आणि त्यालाही लिहिता येईल असा दुवा पाठवला.

'अप्पांचं ऐकायचं राहिलं. माझं सांगायचं राहू नये. क्षितिज, तुमी मला आवडता. — रंजनी'

तासाभराने पान पुन्हा उघडलं, तर खाली तशीच दुसरी चौकट होती.

'हे ऐकायला मी रोज कॉफीला येत होतो. चेन्नईतूनच काम करू द्या, असं आत्ताच साहेबांना कळवलंय. काय म्हणतात बघू. उद्या निघण्याआधी अम्मांना भेटायला येऊ? — क्षितिज'

डोळे पुसले आणि त्याखाली मी तिसरी चौकट ठेवली.

'उद्या नको. आज या.'