कार्मिनाचं दुसरं हृदय

कार्मिना सिद्दी बाळंतपणात गेली, त्याच्या चौथ्या दिवशी पाळणा घरी आला. कर्नाटकातल्या हळियाळच्या जंगलपट्ट्यात आई गमावलेल्या बाळांना असे पाळणे मिळू लागून दोन वर्षं झाली होती. त्यामुळे गाडी दारात थांबली तेव्हा वाडीत कुणाला नवल वाटलं नाही. शेजारच्या रोझाबाईने तर पुढे होऊन पाळणा धरूनच आत आणला.

वाडी सिद्दींची होती. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आणल्या गेलेल्यांचे हे वंशज. कातडी काळीभोर, केस घट्ट कुरळे, बोली कोकणी-मराठी. कार्मिना गेल्यावर त्या घरची चूल पेटलीच नाही, आणि तशी गरजही पडली नाही. कुणी नाचणीची आंबील आणे, कुणी भात-आमटी. रोझाबाईचं धाकटं पाच महिन्यांचं होतं; ती आपल्या बाळाबरोबर या पोरीलाही अंगावर पाजू लागली. कार्मिनाची बहीण फिलोमिना बेळगावातली शिवणकामाची नोकरी सोडून आली. कार्मिनाचा नवरा बस्त्याव मात्र ओसरीवर नुसता बसून असे.

पाळण्याबरोबर डॉ. वृंदा केळुसकर आल्या होत्या. त्यांनी बाळाला गादीवर ठेवलं आणि कळ दाबली. गादीतून, आणि पाजताना बाळाच्या कानाशी धरायच्या छोट्या उशीतून, ठोके येऊ लागले. रडून निळी पडलेली पोर हुंदका अर्धा टाकून गप्प झाली.

"ताईच्या काळजाचा आवाज भरून ठेवलाय का?" फिलोमिनाने विचारलं.

"नाही, फिलोमिनाताई. भरून ठेवलेला आवाज बाळं दोन दिवसांत ओळखतात. बाळं रडली तरी तो बदलत नाही ना! गरोदरपणात कार्मिनाच्या पोटाला पट्टा होता, आठवतं? त्याने चार महिने तिच्या हृदयाचा प्रत्येक ठोका ऐकला. त्यावरून आम्ही गणिताने तसंच हृदय बांधलं. त्याला आम्ही प्रतिहृदय म्हणतो. बाळ रडलं की ते धावतं, बाळ झोपलं की संथ होतं. कार्मिनाचं झालं असतं अगदी तसंच. आणि तिच्या हृदयासारखंच ते दिवसागणिक पुढेही जातं."

शेवटच्या वाक्याचा अर्थ फिलोमिनाला तेव्हा नीट कळला नाही.

घर हळूहळू सावरलं. दुपारी फिलोमिना पाळण्याशी बसून ताईचं आवडतं गाणं गुणगुणे. मग ठोके किंचित मंदावत. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा ती उठून अंगणात गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

पाचव्या आठवड्यात ठोके बिघडले. दोन ठोक्यांच्या मागे तिसरा, अडखळल्यासारखा येऊ लागला. घोडा दुडक्या चालीने जावा तसं. फिलोमिनाने डॉक्टरांना बोलावून घेतलं. डॉक्टरांनी आकडे पाहिले, पुन्हा पाहिले आणि बस्त्यावलाही आत बोलवायला सांगितलं.

"पाळण्यात बिघाड नाही," त्या म्हणाल्या. "कार्मिनाचं हृदय आजारी होतं. गरोदरपणात काही जणींच्या हृदयाचा स्नायू दुबळा होतो. सातव्या महिन्यापासून तिला ते होतं. हा तिसरा ठोका पहिल्या दिवसापासून आहे, पण इतका पुसट की आपल्या कानांना आत्ता कळला."

"ती तीनदा दवाखान्यात गेली होती तपासायला," बस्त्याव म्हणाला. "आडवं पडलं की जीव घुसमटतो म्हणाली. मनगटात कडं अडकवलं, आकडा चांगला आहे म्हणाले, घरी पाठवलं."

"ते कडं कातडीतून उजेड सोडून रक्तातला प्राणवायू मोजतं. गोऱ्या कातडीवर पारखून बनवलेलं यंत्र. काळ्या कातडीवर प्राणवायू खालावला तरी ते आकडा चांगला दाखवतं." डॉक्टरांनी पाळण्याकडे बोट केलं. "पट्टा आवाज ऐकत होता. त्याला बरोबर ऐकू आलं. पण ते ठोके तेव्हा कुणी तपासत नव्हतं. फक्त साठवत होते."

"आता काय होईल?" फिलोमिनाने विचारलं.

"असंच चालू दिलं तर तीनेक आठवड्यांत प्रतिहृदय बंद पडेल. पण त्याला औषध देता येतं. म्हणजे गणितात औषधाचा परिणाम घालायचा."

"द्या," बस्त्याव म्हणाला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच ठाम बोलला होता.

औषधाच्या अकराव्या दिवशी तिसरा ठोका नाहीसा झाला. ठोके भरीव, सावकाश पडू लागले. डॉक्टर तपासायला आल्या तेव्हा बस्त्याव गादीला कान लावून बसला होता.

"म्हणजे या औषधाने ती जगली असती?"

"हो," डॉक्टर म्हणाल्या.

त्याच दिवसापासून पोर रडू लागली. पाळण्यात ठेवली की अंग ताठ करी, मान फिरवी. रोझाबाईने छातीशी घेतली तरी तोंड लावीना. दीड दिवस तिच्या पोटात चमच्याने टिपलेल्या दुधापलीकडे काही गेलं नाही. रडून तिचा आवाज बसला.

डॉक्टर पुन्हा आल्या. 

"पोटात बाळाचे कान उघडतात ते सातव्या महिन्याच्या आसपास. तिने आईचं निरोगी हृदय कधी ऐकलंच नाही. हे तिच्यासाठी कुणा परक्या बाईचं आहे."

फिलोमिनाने पोरीकडे पाहिलं. ओठ सुकले होते.

"जुनं परत आणा," ती म्हणाली.

"मग ते पुन्हा बंद पडण्याकडे जाईल."

"मध्येच थांबवता येत नाही?"

"येतं. एका दिवसावर धरून ठेवता येतं. पण मग ते बरंही होणार नाही आणि थांबणारही नाही. घुसमटतच राहील."

बस्त्याव उठला. "फिलू, तू तिला पुन्हा आजारी करणार?"

"भावोजी, पोर मरतेय."

डॉक्टरांनी कळ फिरवून जुनं हृदय त्या एका दिवसावर धरून ठेवलं. गादीतून तो अडखळता तिसरा ठोका आला. फिलोमिनाने ठोक्यांची छोटी उशी रोझाबाईच्या छातीशी, बाळाच्या कानापाशी धरली. रोझाबाईच्या धडधाकट काळजावर ते आजारी ठोके पडू लागले. पोरीची मूठ उघडली. ती दूध ओढू लागली, इतक्या जोरात की रोझाबाईने डोळे मिटून घेतले.

"बरं झालेलं पुसून टाकू?" डॉक्टरांनी विचारलं.

"नको," बस्त्याव म्हणाला. "ते मला द्या. त्यात ती जगलीय."

डॉक्टरांनी ते दुसऱ्या उशीत घालून दिलं. तेव्हापासून त्या घरात कार्मिनाची दोन हृदयं चालतात. पुढच्या खोलीत पोर एकावर झोपते. मागच्या खोलीत बस्त्याव दार लावून दुसऱ्याशी बोलत बसतो, जेवायलासुद्धा उठत नाही. परवा फिलोमिना ताट घेऊन दारापाशी गेली, तर तो पोरीला पहिला दात आल्याचं सांगत होता. आणि दारापलीकडे ठोके आनंदाने भराभर पडत होते.